बघ्यांच्या गराड्यातला आजार

२१ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात चौदा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिच्या उजव्या हाताची संवेदना गेली होती आणि मधूनमधून तिला जबरदस्त झटके येत होते. वैद्यकाच्या इतिहासात ती ऑगस्तीन या नावानं ओळखली जाते. आई ज्या घरी कामाला होती त्या घरच्या मालकानं वस्तऱ्याचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. झटके त्यानंतर सुरू झाले.

रुग्णालयात तिचं निदान झालं ‘हिस्टेरिया’. आणि तिचे फोटो काढायला सुरुवात झाली.

देझिरे बुर्नव्हिल हे डॉक्टर टिपणं लिहीत आणि पोल रेन्यार कॅमेरा सांभाळत. १८७६ ते १८८० या काळात त्यांनी सालपेत्रिएरमधल्या रुग्णांच्या फोटोंचे तीन खंड छापले. ऑगस्तीन त्यांतली सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. पांढऱ्या झग्यातली, केस मोकळे सोडलेली ही मुलगी पलंगावर बसलेली दिसते. एका फोटोत तिनं हात जोडलेत, दुसऱ्यात नजर छताकडे लागली आहे, तिसऱ्यात ती कुणाला तरी हाक मारते आहे. प्रत्येक फोटोखाली नाटकातल्या प्रवेशासारखं शीर्षक आहे: कुठे प्रेमाची याचना, कुठे समाधी, कुठे चेष्टा. त्या काळी काचेच्या प्लेटवर चित्र उतरायचं तर माणसाला काही सेकंद निश्चल राहावं लागे. झटक्यात तडफडणाऱ्या शरीराचा स्पष्ट फोटो मिळणं शक्य नव्हतं. जे छापलं गेलं ते थांबलेलं, धरून ठेवलेलं रूप होतं.

फोटोंच्या सोबतीला बुर्नव्हिल यांनी तिची बडबडही उतरवून घेतली. त्या बडबडीत तो मालक आहे, वस्तरा आहे, भीती आहे, कुणाला सांगू नकोस ही धमकी आहे. तिला काय झालं होतं हे तीच सांगत होती आणि ते शब्दशः छापलंही गेलं. पण डॉक्टरांनी त्याकडे झटक्याचा एक टप्पा म्हणून पाहिलं. तिच्या सांगण्यातच आजाराचं कारण असेल, असं त्यांना वाटलं नाही.

१८८० साली ऑगस्तीन पुरुषाचे कपडे घालून रुग्णालयातून पळून गेली. ती पुन्हा तिथे आली नाही.

आज ज्याला ‘हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणतात, त्या निदानाची वंशावळ शोधत मागे गेलं की वाट या रुग्णालयातून जाते. सतत लक्ष वेधून घेण्याची गरज, भावनांचं भडक प्रदर्शन, झटपट बदलणारे मूड, स्वतःला नाट्यमय पद्धतीनं मांडण्याची सवय, ही त्या विकाराची आजची लक्षणं. ती समजून घ्यायची असतील, तर ज्यांनी ही माणसं पाहिली त्यांच्या पाहण्याचाही इतिहास वाचावा लागतो. कारण दीडशे वर्षं या रुग्णांभोवती बघ्यांचा गराडा होता, आणि त्या गराड्यानं आजाराला आकार दिला.

सालपेत्रिएरचा जन्म बंदुकीच्या दारूच्या कारखान्यातून झाला. चौदाव्या लुईच्या काळात, १६५६ मध्ये, तिथे निराधारांची कोंडवाडासदृश वसाहत उभी राहिली. पुढे गरीब, म्हाताऱ्या, वेडसर, अपस्मारी, वेश्याव्यवसायातल्या अशा सगळ्या बायका तिथे कोंबल्या जाऊ लागल्या. १८६२ साली झां-मार्तँ शार्को तिथे वरिष्ठ डॉक्टर म्हणून आले, तेव्हा आवारात चार-पाच हजार स्त्रिया राहत होत्या. शार्को गाड्या बनवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. या आवारात त्यांना अभ्यासाचं अफाट भांडार दिसलं. मल्टिपल स्क्लेरोसिसचं पद्धतशीर वर्णन त्यांनीच केलं. ए.एल.एस. या मज्जारोगाला फ्रान्समध्ये आजही त्यांचंच नाव आहे. १८८२ मध्ये मज्जासंस्थेच्या रोगांसाठी खास अध्यासन निर्माण झालं, ते त्यांच्यासाठी.

शार्कोंचं ऋण मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्राचीन ग्रीक वैद्य अशा झटक्यांचं खापर गर्भाशयावर फोडत. ते शरीरात भटकतं अशी त्यांची समजूत होती. मध्ययुगात अशा बायकांवर चेटकिणीचा शिक्का बसला. एकोणिसाव्या शतकातले बरेच डॉक्टर त्यांना सरळ ढोंगी म्हणत. पॉल ब्रिके यांनी १८५९ मध्ये ४३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गर्भाशयाची कल्पना फेटाळली. शार्को त्याच वाटेनं पुढे गेले. हिस्टेरिया खरा आजार आहे, तो मज्जासंस्थेचा आहे आणि पुरुषांनाही होतो, हे त्यांनी ठामपणे मांडलं. रेल्वे अपघातानंतर हात लुळा पडलेले धडधाकट कामगार त्यांनी विद्यार्थ्यांपुढे उभे केले. तरीही जुन्या कल्पना सुटल्या नाहीत. झटका थांबवण्यासाठी स्त्रियांच्या ओटीपोटावर, बीजकोशाच्या जागी दाब देणारा एक पट्टा त्यांच्या रुग्णालयात वापरला जाई.

शार्कोंचा भर डोळ्यांवर होता. रुग्णाला समोर उभं करायचं आणि शांतपणे पाहत राहायचं. मेंदूच्या रोगांत ही पद्धत कमालीची यशस्वी ठरली, कारण गाठ किंवा मज्जातंतूची झीज पाहणाऱ्याकडे बघून आपलं रूप बदलत नाही. हिस्टेरियाचे रुग्ण बदलत होते. त्यातच इमारतींच्या फेरबदलात या रुग्णांना अपस्माराच्या रुग्णांसोबत एकाच विभागात ठेवण्यात आलं. रोज फेफरं पाहणाऱ्या तरुण मुलींचे झटके फेफऱ्यासारखे दिसू लागले. शार्कोंनी त्या झटक्यांचे चार ठरावीक टप्पे मांडले आणि पोल रिशेर यांनी त्यांची रेखाचित्रं काढली.

शार्कोंच्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांबरोबर लेखक, पत्रकार, नट अशी मंडळी येऊ लागली. शार्को रुग्णांना संमोहित करत. घंटेच्या मोठ्या आवाजानं किंवा प्रखर प्रकाशानं त्यांना एका अवस्थेतून दुसरीत नेलं जाई. या सभागृहाची सर्वांत गाजलेली रुग्ण म्हणजे ब्लांश वित्मान. आंद्रे ब्रुइए यांनी १८८७ मध्ये रंगवलेल्या भव्य तैलचित्रात ती दिसते: मान कलंडलेली, बाबिन्स्की या तरुण डॉक्टरनं मागून सावरलेली. समोर शार्को समजावून सांगताहेत आणि दाढी-मिशांची पुरुष मंडळी टक लावून पाहताहेत. त्या चित्रात श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर एक रेखाचित्र लावलेलं आहे. झटक्यात पाठीची कमान करून पडलेली स्त्री त्यात दाखवली आहे. बहुतेक श्रोत्यांची त्याकडे पाठ आहे. ते ब्लांशच्या समोर येतं. तिच्या शरीरानं पुढच्या काही मिनिटांत जे रूप घ्यायचं, त्याचा नमुना तिच्या डोळ्यांपुढे टांगलेला होता.

मग या मुली ढोंग करत होत्या का? याबद्दल दोन साक्षी आहेत. पुढे पॅरिसच्या मुलँ रूज या नृत्यगृहाची प्रसिद्ध नर्तकी झालेली जेन अव्हरील किशोरवयात सालपेत्रिएरमध्ये होती. शार्कोंचं लक्ष वेधून घेण्यासाठी मुलींमध्ये कशी चढाओढ चालायची, हे तिनं आठवणींत लिहून ठेवलं. उलट ब्लांशनं उतारवयात, शार्को जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, आपण नाटक करत होतो हा आरोप साफ नाकारला. शार्कोंच्या मृत्यूनंतर तिचे झटके थांबले होते. ती त्याच रुग्णालयात आधी फोटोग्राफीच्या आणि मग क्ष-किरणांच्या विभागात कामाला लागली, आणि त्या किरणांनी तिचे हात गेले.

या दोन्ही साक्षी एकत्र खऱ्या असू शकतात. हजारो बेवारस बायकांच्या त्या आवारात डॉक्टरांची नजर आपल्यावर पडणं म्हणजे नाव मिळणं, विचारपूस होणं, असाध्य वेड्यांच्या विभागात रवानगी टळणं. ज्या लक्षणाला नजर मिळते ते लक्षण वाढतं. त्यासाठी रुग्णानं मनाशी बेत आखावा लागत नाही. शरीर आणि मन आपोआप शिकतात. एकदा एक रुग्ण झटक्यात आईला हाका मारत किंचाळत होती, तेव्हा या रुग्णांचा आरडाओरडा फार आणि त्यात अर्थ थोडा, अशा आशयाचं शार्को विद्यार्थ्यांना म्हणाले. सालपेत्रिएरच्या शोकांतिकेचं मूळ इथे आहे. किंचाळलं की लोक पाहत होते, पण ती काय किंचाळते आहे हे कुणी विचारत नव्हतं.

शार्कोंच्या सिद्धान्ताला पहिला जोरदार धक्का नान्सी शहरातून बसला. तिथले प्राध्यापक इपोलित बर्नहाइम यांनी संमोहनाचा मोठा अनुभव गाठीशी बांधला होता. शार्कोंनी सांगितलेल्या संमोहनाच्या तीन अवस्था त्यांना एकाच रुग्णात जशाच्या तशा दिसल्या, आणि ती मुलगी सालपेत्रिएरमध्ये तीन वर्षं काढून आलेली होती. त्या अवस्था निसर्गाच्या नसून सूचनेनं पढवलेल्या आहेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. हिस्टेरियाची आपली मांडणी जुनी झाली आहे, ती नव्यानं करायला हवी, असं शार्कोंनी अखेरच्या दिवसांत आपल्या सचिवाला सांगितलं. १६ ऑगस्ट १८९३ रोजी त्यांचं निधन झालं आणि ते काम राहून गेलं.

शार्कोंच्या श्रोत्यांत १८८५-८६ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून आलेले एक तरुण डॉक्टर होते, सिग्मंड फ्रॉइड. ब्रुइए यांच्या चित्राची प्रत पुढे आयुष्यभर त्यांच्या खोलीत राहिली. पण खरा वेगळा प्रयोग त्याआधीच त्यांचे ज्येष्ठ स्नेही योझेफ ब्रॉयर यांनी केला होता. डिसेंबर १८८० पासून ते बेर्टा पापेनहाइम या एकवीस वर्षांच्या तरुणीला भेटत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता तिचे हातपाय लुळे पडले, मातृभाषा असलेलं जर्मन बोलता येईना आणि ती फक्त इंग्रजीत बोलू लागली. ब्रॉयर रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसत आणि ती मनातलं बोलत जाई. एखादं लक्षण प्रथम कधी उमटलं तिथपर्यंत बोलणं पोचलं की ते लक्षण ओसरे. बोलण्यातून उपचार ही कल्पना तिचीच.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ‘ॲना ओ.’ या टोपणनावानं ही हकिगत प्रसिद्ध केली आणि ती बरी झाल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात १८८२ च्या उन्हाळ्यात उपचार थांबल्यानंतर तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं. पूर्ण सावरायला आणखी बरीच वर्षं गेली. पण ती सावरली. १९०४ मध्ये पापेनहाइम यांनी जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना स्थापली. देहविक्रीसाठी होणाऱ्या मुलींच्या व्यापाराविरुद्ध त्या लढल्या. १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग इथे निराधार मुली आणि अविवाहित मातांसाठी त्यांनी आश्रम उभारला. १९५४ मध्ये जर्मन टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते: ऐकून घेतल्यानं वाट मोकळी झाली, आणि जगण्याला काम मिळाल्यावर ती पक्की झाली.

इकडे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी सालपेत्रिएरमध्येच काम करताना जुन्या आघातांच्या आठवणी जाणिवेपासून कशा तुटतात ते दाखवलं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक मुके, आंधळे, थरथरते झाले. हा आजार बायकी कमजोरीचा, हा समज तेव्हा तरी मोडायला हवा होता. तो मोडला नाही. हिस्टेरिया हा शब्द आता दोन वाटांनी जाऊ लागला. एका वाटेवर झटके, लुळेपणा, स्मृती जाणं ही शरीरात उमटणारी लक्षणं राहिली. दुसऱ्या वाटेवर आला स्वभाव. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मध्ये, आपण आहोत त्याहून अधिक दिसण्याची ओढ हे या स्वभावाचं मर्म असल्याचं मांडलं. कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये हिस्टेरिया हा बदनाम शब्द टाळून ‘महत्त्वाची भूक असलेली’ माणसं असं वर्णन केलं.

१९५८ मध्ये अमेरिकेतले पॉल चोडॉफ आणि हेन्री लायन्स यांनी या दोन वाटा एक नाहीत हे दाखवलं. लुळेपणासारखी लक्षणं असलेल्या रुग्णांपैकी थोड्याच जणांत तो तथाकथित हिस्टेरिक स्वभाव आढळला. त्यांचं दुसरं निरीक्षण अधिक बोचरं होतं. त्या स्वभावाचं प्रचलित वर्णन पुरुषांनी केलेलं स्त्रियांचं वर्णन होतं, स्त्रीपणाचं विडंबन होतं. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या १९६८ च्या निदानपुस्तकात ‘हिस्टेरिकल’ शब्दाशेजारी ‘हिस्ट्रिऑनिक’ आला. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत हिस्टेरिया हे निदान पूर्ण वगळलं गेलं. शरीरातली लक्षणं वेगवेगळ्या शीर्षकांखाली वाटली गेली आणि स्वभावाच्या विकाराचं नाव हिस्ट्रिऑनिक ठरलं.

नाव बदललं, नजर तितक्या सहज बदलली नाही. १९८९ मध्ये मॉरीन फोर्ड आणि थॉमस विडिगर यांनी ३५४ मानसशास्त्रज्ञांना रुग्णांच्या हकिगती पाठवल्या. मजकूर तोच, फक्त रुग्ण कुठे स्त्री, कुठे पुरुष. एकेक लक्षण आहे की नाही एवढंच विचारलं तेव्हा स्त्री-पुरुष भेद फारसा दिसला नाही. पूर्ण निदान विचारल्यावर मात्र स्त्रीवर हिस्ट्रिऑनिकचा शिक्का सहज बसला. याउलट २००१-०२ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या घरोघर पाहणीत हा विकार सुमारे १.८४ टक्के लोकांत आढळला आणि स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक नव्हता. दवाखान्यात बायका जास्त दिसतात, याचं काही उत्तर निदान करणाऱ्याच्या डोक्यात असावं.

याचा अर्थ विकार खोटा आहे असा नाही. अशा माणसाचं दुःख खरं असतं. आपण लक्षाच्या केंद्रस्थानी नसलो की त्याला अस्तित्वच पुसल्यासारखं वाटतं. ओळख झाली की लगेच जिवलग मैत्री मानली जाते आणि अपेक्षाभंग झाला की जग कोसळतं. नाती टिकत नाहीत, नोकऱ्या सुटतात, नैराश्य येतं. अशी माणसं बहुतेकदा उपचाराला येतात ती या नैराश्यासाठी किंवा तुटलेल्या नात्यासाठी.

उपचारात काय घडतं? या विकारावर खास असं औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर किंवा चिंतेवर औषधं देतात. मुख्य उपचार संवादाचा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड शपिरो यांनी १९६५ मध्ये दाखवलं की या व्यक्तींचा विचार ठशांवर चालतो, तपशिलांवर नाही. म्हणून रुग्ण ‘सगळं संपलं, मला कुणी विचारत नाही’ असं म्हणाला, की थेरपिस्ट सावकाश विचारतात: कोणता दिवस होता? कोण काय बोललं? त्याआधी काय झालं होतं? तुम्हाला नेमकं काय वाटलं, राग की भीती? आधी हे प्रश्न रुग्णाला कोरडे वाटतात. हळूहळू ‘सगळं’ या शब्दाच्या जागी एक प्रसंग येतो, आणि प्रसंगावर काही करता येतं. मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या विकारामागची समजूत मांडली: मी एकटा जगायला अपुरा आहे, म्हणून मला सगळ्यांनी सांभाळलं पाहिजे. ती समजूत छोट्या छोट्या कामांतून तपासली जाते, की स्वतः निर्णय घेतला, कुणाची वाहवा मिळाली नाही, तरी निभावलं का?

थेरपिस्टची शिस्तही तितकीच महत्त्वाची. भेटीची वेळ ठरलेली, ती नाट्यामुळे वाढत नाही आणि शांत आठवड्यात कमीही होत नाही. कौतुकानं ते भारावून जात नाहीत, रुसव्यानं दूर जात नाहीत. जिवाला अपाय करण्याची भाषा आली तर ती नाटक म्हणून उडवून न लावता दर वेळी गंभीरपणे तपासतात. सालपेत्रिएरच्या सभागृहात लक्ष मिळायचं ते झटक्याला. इथे ते माणसाला मिळतं, तो गप्प असला तरी. उपचाराचं सारं बळ या फरकात आहे.

१ जानेवारी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी लागू झाली. तिनं व्यक्तिमत्त्व विकारांची जुनी नावं जवळजवळ सगळी काढून टाकली. हिस्ट्रिऑनिकही गेलं. आता त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, आणि स्वभावाचे कोणते पैलू ठळक, हे पाहायचं. अमेरिकन निदानपुस्तकात ते नाव अजून आहे.

आपल्याकडे झटका आलेल्या बाईच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावणारे अजून भेटतात, आणि ‘नाटकं बंद कर’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. हे वाक्य बोलणारा माणूसही त्या गराड्यातलाच एक असतो. घरात कुणाचं वागणं असं सतत टोकाचं होत असेल, तर त्या व्यक्तीला शांत वेळी, काही कारण नसताना, वेळ द्यावा; वादळ उठल्यावर धाक दाखवू नये आणि लाडही करू नयेत; आणि मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मदत घ्यावी. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ऑगस्तीननं जे सांगितलं ते छापलं गेलं आणि तरी ऐकलं गेलं नाही. ती चूक दुरुस्त करायला पदवी लागत नाही. समोरचा माणूस काय सांगतो आहे हे आधी विचारा, निदान नंतर येऊ द्या.